डोळ्यातला दाब आणि मंगळवारचं पाणी

दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही, आणि तरी म्हणे डोळ्याला आजार आहे. डॉक्टरबाईंनी काचबिंदू हा शब्द उच्चारला तेव्हा मला भीती वाटली नाही, राग आला. बावीस वर्षं मी गाडी चालवत होतो. तुर्भ्याच्या एका कारखान्याची कामगारांची बस माझ्याकडे होती. पहाटे नेरूळची माणसं घ्यायची आणि सात वाजायच्या आत गेटात शिरायचं, यात कधी चुकलो नाही. दरवर्षी कारखान्यात आम्हा ड्रायव्हरांचे डोळे तपासत. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. त्या वर्षी तपासणाऱ्यांनी डोळ्यातला दाब जास्त आहे असं लिहून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या हातातून किल्ली काढून घेतली. "सगळं नीट झाल्याचा कागद आण, मग गाडी," एवढंच म्हणाले. माझी बस दुसऱ्याच्या हातात गेली आणि मी गॅरेजात टायर मोजत बसलो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कुलदैवत पालीचा खंडोबा. बसमध्ये समोर त्याचा फोटो असे. गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगला चिमूटभर भंडारा लावल्याशिवाय मी कधी गिअर टाकला नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, रविवार चुकवला नाही. एवढं करून मला हे का, असं मी त्याला विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा मी त्याच्याशी बोलणं टाकलं. सांगायला लाज वाटते, पण दोनेक महिने मी देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो नाही. माझी बायको मंगल पूजा करायची आणि मी तिच्याकडे पाठ करून पेपर वाचायचो. पेपरातलं बारीकातलं बारीक अक्षर मला दिसत होतं, म्हणून तर जास्तच चीड येई.

डॉक्टरबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. एका धर्मादाय दवाखान्यात त्या बसत. त्यांनी मला एका अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसवलं. मधल्या दिव्याकडे बघायचं आणि आजूबाजूला बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाबत गेलो. मधेच बराच वेळ ठिपका आलाच नाही. तपासणी संपल्यावर मी म्हणालो, "मॅडम, तुमचं मशीन मधे बंद पडलं होतं."

त्या म्हणाल्या, "नाही काका. दिवे लागत होते."

मग त्यांनी कागद दाखवला. दोन्ही डोळ्यांच्या चित्रांत काळे डाग होते, डाव्यात मोठा, डावीकडे खालच्या बाजूला. तो कागद बघताना मला एक सायकलवाला आठवला. दोन महिन्यांपूर्वी नेरूळच्या एका सेक्टरच्या वळणावर माझ्या बसचा कोपरा त्याच्या हँडलला लागला होता. तो पडला, कोपर सोलपटलं. मी खिडकीतून डोकं काढून त्याला वाटेल ते बोललो होतो, कारण माझ्या मते तो नव्हताच तिथे. हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. मंगललाही सांगितलं नाही.

मग औषधाचे थेंब सुरू झाले. सकाळी एक, रात्री एक, आयुष्यभर. मंगल थेंब घालायची आणि मी नेमका त्याच क्षणी डोळा मिटायचो. "अहो, उघडा ठेवा ना, मी काय तिखट घालतेय?" असं ती रोज म्हणायची. सोसायटीतल्या लोकांना कळलं तसे उपाय यायला लागले. कोणी मध सांगितला, कोणी कांद्याचा रस, कोणी पहाटे हिरवळीवर अनवाणी चालायला सांगितलं. आम्ही राहायचो त्या कोपरखैरण्यात त्या वेळी अर्धे प्लॉट रिकामे होते, हिरवळ कुठली आणायची? महिन्यानं दाब मोजला तर जवळजवळ तेवढाच. तेव्हा डॉक्टरबाईंनी लेझर करायचं ठरवलं.

त्यांनी कागदावर डोळा काढून समजावलं. डोळ्यात आत सारखं पाणी तयार होतं आणि कडेच्या एका बारीक जाळीतून बाहेर जातं. माझी जाळी तुंबली होती. लेझरनं त्या जाळीवर बारीक बारीक ठिपके मारायचे, म्हणजे पाण्याला वाट मिळते आणि दाब उतरतो.

मी विचारलं, "म्हणजे गेलेलं परत दिसेल?"

"नाही काका. गेलं ते गेलं. आहे ते टिकावं म्हणून करायचं."

"आणि थेंब?"

"ते बहुतेक चालूच राहतील."

मी कपाळाला हात लावला. गेलेलं येणार नाही, थेंब सुटणार नाहीत, मग करायचं कशाला? पण बसची किल्ली साहेबांनी मागितलेल्या कागदावर अडकली होती.

लेझर मंगळवारी असे. पहिल्या मंगळवारी मी रजा काढून गेलो, तीन तास बसलो, आणि मग मामा म्हणून तिथे एक कर्मचारी होते त्यांनी सांगितलं की मशीन चालणार नाही. का, तर पाणी नाही. ते मशीन इतकं तापायचं की ते चालू असताना नळाचं पाणी त्यातून सारखं खेळवावं लागे, आणि मे महिन्यात नळाला जोर नव्हता.

"पाण्याचा दाब कमी हाय," मामा म्हणाले.

"माझ्या डोळ्यात जास्त आहे, तो घ्या," मी म्हणालो.

दुसऱ्या मंगळवारी पाणी होतं, तर डॉक्टरबाई दुसऱ्या गावी शिबिराला गेल्या होत्या. मी आदल्या दिवशी बूथवरून चार वेळा फोन लावला होता, कोणी उचलला नव्हता. तिसऱ्या मंगळवारी पुन्हा पाणी नाही. टँकर कालच सांगितलाय, येईल, असं म्हणत दुपारचा एक वाजला. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता. मी उठलो. आता गावी जाऊन शेती बघायची, पण इथे पाऊल टाकायचं नाही, असं मनाशी ठरवून पिशवी खांद्याला अडकवली.

माझ्या शेजारी उरणकडचे एक म्हातारे बाबा बसले होते. मिठागरात आयुष्य गेलेला माणूस, पायांची कातडी चिरलेली, आणि दोन्ही डोळ्यांनी पूर्ण आंधळा. बरोबर त्यांची चाळिशीची लेक होती. सकाळपासून त्यांनी मला वात आणला होता. खिडकीत काय हाय, माझ्या समोर कोन बसलाय, बाईनं कनच्या रंगाचं लुगडं नेसलंय, असं एकामागून एक विचारत होते. मी एका शब्दात उत्तरं देत होतो.

पिशवीचा आवाज ऐकून ते म्हणाले, "चाललास?"

"हो बाबा. तिसरी खेप आहे. मशीन चालत नाही यांचं."

"माजं बी असंच जालं व्हतं. दुसऱ्या हास्पितलात. मशीन बंद हाय म्हनले, मी घरी गेलू. म्हनलं, दुकत कुटं हाय? दोन वरसं फिरकलू नाय." त्यांनी हात पुढे करून लेकीचा खांदा चाचपला. मग म्हणाले, "आता लेकीला घेऊन येतंय. ह्यो रोग रक्तातून उतरतो म्हनतात. तिचा दाब बगून घेतो. बस जरा."

त्यांच्या आवाजात उपदेश नव्हता. एसटी चुकलेल्या माणसानं दुसऱ्याला सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मला राग आला, पण पाय निघाला नाही. मी पुन्हा बसलो, तोंड फिरवून बसलो.

अर्ध्या तासानं बाहेर हॉर्न वाजला. टँकर आला होता. दवाखान्याची गल्ली अरुंद, गाडी उलटी आत घ्यायची होती, आणि टँकरवाला एकटाच होता. दोनदा त्यानं भिंतीला घासली. मला ते बघवेना. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेला ड्रायव्हर मी. उठलो, मागे जाऊन उभा राहिलो आणि हात हलवायला लागलो. येऊ द्या, येऊ द्या, स्टिअरिंग डावीकडे तोडा, येऊ द्या. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटत होतं. दारात बाबांचा हात धरून त्यांची लेक बघत उभी होती.

"थांबव! मानूस हाय तितं!" ती एकदम ओरडली.

टँकर कचकन थांबला. माझ्या डाव्या हाताला, माझ्यापासून चार पावलांवर, एक माणूस उकिडवा बसून आपल्या स्कूटरचा प्लग साफ करत होता. टँकरचं मागचं चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. स्कूटर निळी होती, लख्ख उन्हात होती. मी सकाळी आत येताना तिच्याच बाजूनं आलो असेन. आणि आता मी त्या बाजूला तोंड करून उभा होतो, तरी माझ्या जगात तिथे फक्त भिंत होती.

तो माणूस माझ्यावर रागावला नाही. टँकरच्या आवाजात त्याला बाईचं ओरडणं कळलं नसावं; त्याला वाटलं, मी त्याला पाहूनच टँकर थांबवला. तो हात पुसत "थँक्यू" म्हणाला. त्या शब्दानं मी जेवढा खजील झालो तेवढा साहेबांनी किल्ली काढून घेतली तेव्हाही झालो नव्हतो. मी त्याला म्हणालो, "मला दिसलाच नाहीत तुम्ही. त्या बाईंनी वाचवलं." आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी मला दिसत नाही असं सांगितलं.

आत येऊन मी पुन्हा त्याच जागी बसलो. बाबांनी विचारलं, "पानी आलं?"

"आलं."

"मंग बस."

तीन वाजता माझं नाव पुकारलं. डोळ्यात बधिर करायचं औषध घातलं, हनुवटी टेकवायला लावली, आणि डॉक्टरबाईंनी बुबुळावर एक भिंग बसवलं. "काका, हलू नका. समोर बघा." हिरवा प्रकाश चमकायला लागला. टक्, टक्, टक्. दुखत फारसं नव्हतं, मधूनच बारीक टोचल्यासारखं वाटे. भिंतीपलीकडे नळीतून टँकरचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. डोळा मिटता येत नव्हता, मान वळवता येत नव्हती, करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. बावीस वर्षं मी बसमध्ये स्टिअरिंगमागे बसलो होतो, शेजारच्या सीटवर कधी नाही. त्या क्षणी मला शेजारच्या सीटवर बसल्यासारखं वाटलं. मनात आपोआप शब्द आले, मल्हारी, तू बघ. दोनेक महिन्यांनंतर त्याच्याशी बोललेलं तेच पहिलं वाक्य. काही मागितलं नाही. मागायला काय उरलंय तेच मला समजत नव्हतं.

तासाभरानं दाब मोजला आणि घरी सोडलं. घरी गेल्यावर मी मंगलला स्कूटरचं सांगितलं, आणि मग सायकलवाल्याचंही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्यापासून साहेबांकडे किल्ली मागू नका." रात्री तिनं थेंब घातला तेव्हा मी डोळा मिटला नाही.

उजव्या डोळ्याचं लेझर पुढच्या महिन्यात झालं. दाब हळूहळू उतरला. काळा डाग होता तेवढाच राहिला, वाढला नाही. दाब उतरल्याचा कागद घेऊन मी स्वतः साहेबांकडे गेलो आणि गॅरेजातच ठेवा म्हणालो. ते सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. सकाळी माझी बस दुसऱ्याच्या हाताखाली गेटाबाहेर जाताना बघून कित्येक दिवस माझी टायरांची मोजणी चुकत असे. देवावरची चीडही एका दिवसात गेली नाही, थोडी थोडी उतरली.

पुढच्या तपासणीला बाबा पुन्हा भेटले. लेकीचा दाब ठीक निघाला होता. मी त्यांचे पाय धरले आणि त्या दिवशी तुम्ही थांबवलंत म्हणून माझे डोळे राहिले असं म्हणालो. त्यांना मी आठवत नव्हतो.

"मी सगल्यांनाच सांगतंय," ते म्हणाले. "जो उठंल त्याला सांगतंय."

हे ऐकून आधी थोडं वाईट वाटलं. मला वाटत होतं, खंडोबानं खास माझ्यासाठी त्यांना शेजारी बसवलं होतं. घरी येताना विचार करत आलो. जो उठेल त्याला सांगणारा माणूस नेमका मी उठलो तेव्हा शेजारी होता. टँकर आदल्या दिवशीच सांगितलेला होता, तो मी बसल्यावर आला. त्या बाईची नजर नेमकी त्या कोपऱ्यात गेली. यातलं काहीच जगावेगळं नाही, आणि यातलं काहीच मी केलेलं नाही. मी केलं ते एवढंच, की वैतागत का होईना, परत बसलो.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघं पालीला गेलो. गर्दीचा दिवस नव्हता. तारळी नदीच्या पुलावरून देवळाकडे चालताना मी सवयीप्रमाणे मंगलच्या चार पावलं पुढे होतो. लग्नापासून तसाच चालत आलो. पुलाच्या मध्यावर थांबलो आणि तिला म्हणालो, "तू माझ्या डाव्या हाताला चाल."

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या डाव्या बाजूला आली. तिथून पुढे त्या बाजूला काय आहे, कोण येतंय, मी पाहिलं नाही. तिच्या पावलांचा आवाज ऐकत मी देवळात गेलो.