बाबांच्या मयताचं म्युझिक

पोलादपूरच्या स्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा मुंबईची एसटी यायला उशीर होता. त्यांनी माझी बॅग मांडीवर घेतली होती आणि तिच्यावर त्यांची बोटं वाजत होती. आपण वाजवतोय हे त्यांना कळायचंही नाही. उमरठच्या अलीकडच्या आमच्या वाडीत भजनाचा मृदंग त्यांचा, आणि मयताचाही त्यांचाच. आमच्याकडे तिरडीच्या पुढे टाळ-मृदंग चालतो. वाडीतलं माणूस गेलं की लाकडं फोडणाऱ्यापाठोपाठ बाबांना निरोप यायचा. हातातलं काम टाकून ते आईकडून मूठभर कणीक मळून घ्यायचे, मृदंगाच्या डाव्या अंगाला थापायचे आणि निघायचे.

गाडी लागली तेव्हा म्हणाले, "तिकडं पोटापुरतं वाजव. पन हात जाऊ देऊ नको. माझ्या मयताला वाजवायला यायचं हाय तुला." शेजारी उभा कंडक्टर हसला. मीही हसलो आणि "येतो की" म्हणालो. त्या बोलण्यात एक ढळढळीत चूक होती. माझ्या लक्षात आली नाही हे ठीक, पण जन्मभर मयतं वाजवलेल्या बाबांच्याही आली नाही.

तुम्ही जे वाडीत राहिलात त्यांना, आणि माझ्यासारखे विरार, दिवा, पनवेलला जाऊन पडलात त्यांनाही, मी नक्की काय करतो हे मी कधी धड सांगितलेलं नाही. गावी सगळे म्हणतात, "टीव्हीत हाय." मी टीव्हीत नाही. मी गोरेगावात बिनखिडकीच्या एका खोलीत आहे. एसी इतका गार की मेमध्येसुद्धा स्वेटर घालतो. समोर स्क्रीनवर बाई रडत असते, पण तिचं रडणं प्रेक्षकांपर्यंत पोचेल याची चॅनेलला खात्री नसते. ती खात्री मी करून देतो.

मालिका रोज दिसते, तर रोज नवं संगीत कोण करणार? म्हणून सुरुवातीलाच साठा करून ठेवायचा. संशय, धक्का, कारस्थान, माया, वियोग अशा नावांच्या फायली. पुढे वर्षानुवर्षं एडिटर त्यातलं काढून लावत राहतो, उन्हाळ्यात भरलेली सुकी मासळी पावसात काढावी तसं. माझा 'वियोग' चॅनेलच्या मॅडमनी पुन्हा पुन्हा परत पाठवला होता. "सर, अजून रडू येत नाहीये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी मी खाली एक सूर धरून ठेवला, त्यावर बासरी, आणि आता संपलं असं वाटत असतानाच व्हायोलिन. बासरी आणि व्हायोलिन दोन्ही कम्प्युटरमधली. मॅडमना रडू आलं, माझं काम झालं. मालिकेतल्या थोरल्या आईसाहेब गेल्या तेव्हा तो लागला. मग ड्रायव्हर गेला, त्यालाही लागला. कथेत एक गाय मेली, तिलाही तोच.

गावी आई मालिका कधी चुकवत नसे. चूल सोडून उठायला नको म्हणून ती आतूनच ऐकायची, आणि माझा तुकडा वाजला की तिथूनच ओरडायची, "गेली गो ही!" बाबा मात्र ओटीवर पाठ करून बसायचे. मी गावी गेलो की एवढंच म्हणायचे, "आमी मानूस मेल्यावर वाजवतो. तुमचं मरायच्या आधीच सुरू व्हतं." मला राग यायचा. खरं तर ते बरोबर बोलत होते म्हणूनच यायचा.

गेल्या पावसाळ्यात सकाळचा चहा पिऊन बाबा भिंतीला टेकले ते टेकलेच. फोन महेशचा आला. महेश माझा चुलतभाऊ, महाडच्या एमआयडीसीत टेम्पो चालवतो. वाडीत मुक्कामाला असणारा धडधाकट पुरुष म्हणाल तर तो एकटा. बाकी घरांना गणपती-शिमग्यापर्यंत कुलूप. मी दुपारी पोचलो. बाबांना बाहेर घेतलं होतं. आईजवळ वाटीत कणीक मळून तयार होती. मी खुंटीवरचा मृदंग काढला, कणीक लावली, थाप मारून पाहिली. इतक्या वर्षांनी हात बसला आणि मला बरं वाटलं. बाप बाहेर निजवलेला असताना मला बरं वाटलं, हे लिहितानाही कसंतरी होतं.

तेवढ्यात वाडीतले सगळ्यांत म्हातारे धोंडूआबा आले आणि त्यांनी माझ्या गळ्यातला पट्टा काढला. "तुला मडकं धरायचं हाय रं," ते म्हणाले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी एकुलता एक मुलगा. विस्तवाचं मडकं घेऊन तिरडीच्या पुढे मुलाने चालायचं, आणि मृदंगाला दोन हात लागतात. बाबांनी सगळ्यांच्या पोरांना मडकं धरून चालताना पाहिलं होतं, पण स्वतःच्या मयताचा विचार करतानासुद्धा त्यांना वाजवणाराच दिसत होता. त्या काळी वाडीत वाजवणारे चिकार होते, म्हणून चेष्टा चालून गेली. आता फक्त मी होतो.

खेडकडच्या एका मृदंगवाल्याला सकाळीच निरोप गेला होता. तो निघालाही होता, पण कशेडीला दरड आली आणि तो ट्रकांच्या रांगेत अडकला. पाऊस थांबत नव्हता, अंधार पडायच्या आत आटपायला हवं होतं. ज्याने सगळ्या वाडीला वाजवत नेलं त्याला मुकं न्यायचं, हे कुणाला पटेना. महेश घरी गेला आणि हळदी-बारशाला लावायचा ब्लूटूथ स्पीकर घेऊन आला. पावसात भिजू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, आणि गळ्यात पट्ट्याने अडकवलेला, अगदी मृदंगासारखा. "दादा, तुझंच म्युझिक लावतो. काकाला बरं वाटंल," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नको म्हणू शकलो नाही.

आणि 'वियोग' सुरू झाला. महेशने तो मालिकेतूनच मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला, त्यामुळे मागे सुनेची किंकाळीही होती, "आईसाहेब, डोळे उघडा ना!" तुकडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या वाड्यांतून आलेल्यांनी खांदा दिला, आणि बांधावरून, चिखलातून, खाली ओढ्यापर्यंत आम्ही बाबांना असं नेलं. बायका घरापाशी राहिल्या होत्या. किंकाळी आली की मागून त्यांचा हंबरडा यायचा, त्यात आईचाही. मी मडकं धरून पुढे चालत होतो आणि ऐकत होतो. आता बासरी. आता व्हायोलिन येईल. आलं. जरा लवकर आलं, मी तेव्हाच मागे सरकवायला हवं होतं. माझा बाप चालला होता आणि मी मनात एडिटिंग करत होतो. मला रडू आलं नाही. चिता पेटल्यावरही नाही. आजही आलेलं नाही. सगळ्या महाराष्ट्राला रोज संध्याकाळी रडवणारा माणूस स्वतःच्या बापावर कोरडा राहिला, याची मला लाज वाटते, आणि कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तुम्हाला सांगतो.

दिवसकार्य उरकल्यावर मी आईला म्हटलं, "आता चल माझ्याबरोबर." तिने ते ऐकलंच नाही. तांदूळ निवडत म्हणाली, "ते तुझंच ना रे, लावलेलं?"

"हो."

"चांगलं हाय. पन ते आईसाहेबांना वाजलेलं. त्या डायवरला वाजलेलं. गायलाबी वाजलं." जेवणात मीठ कमी पडलं हे सांगावं इतक्या साध्या आवाजात ती बोलत होती. "तुझ्या बापसाला शिळं वाजलं." मग तांदळातला खडा बाजूला टाकत, "माझ्या वेळंलाबी तू मडकंच धरशील. माझ्यापुरतं नवं करून ठेव. कुनाला लावू नको ते."

त्याला आता बरेच महिने झाले. मी बसतो. मालिकेचं काम आटोपलं की आईची फाईल उघडतो. कधी चार सूर असे जमतात की अंगावर काटा येतो, आणि मग मी घाबरून ते पुसून टाकतो. एवढं वाईट काम मी आयुष्यात जाणूनबुजून केलेलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या दारांना कुलपं लागली त्यांना हे कळेल. घर म्हणजे आता माझ्यासाठी ना वाडी, ना ओटी, ना सातबाऱ्यावरचं नाव. मालिकेच्या ब्रेकमध्ये आईचा फोन येतो, तेवढंच घर. जेवलास का विचारून झालं की ती दबक्या आवाजात विचारते, "झालं का रे माझं?"

"नाय गो आये. अजून नाय."

"बरं," ती म्हणते. "मंग थांबते."