बादलीभर तांबडा चिखल

साल एकोणीसशे ब्याऐंशी. दिवाळी होऊन तिसरा रविवार. पाऊस त्या वर्षी उशिरापर्यंत रेंगाळला होता आणि थंडी नुकती कुठे पडायला लागली होती. त्या दिवशी सकाळी सहा ते अकरा, या पाच तासांत मी जे केलं ते ऐकून तुम्ही हसणार. हसा. पण एकदाच हसा. पुन्हा पुन्हा सांगायला मी रिकामा नाही.

मी म्हशीवाला माणूस. शाळा दुसरीपर्यंत. पण म्हैस कशी बघायची ते मला कोणी शिकवू नये. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. अंगाला तेल, शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्याला मोराची पिसं. मालक फटफटीवर बसतो. सायलेन्सरमधली पुंगळी काढलेली असते, त्यामुळे आवाज असा की शेजारच्या गल्लीतलं तान्हं पोर जागं व्हावं! आणि म्हैस त्या फटफटीमागे सुसाट पळते. दावं नाही, काठी नाही.

माझी चंपा सहा वर्षं माझ्यामागे पळत होती. लोक म्हणायचे, आवाजाला पळते. मी म्हणायचो, "आवाजाला कुत्री पळत्यात. चंपा मालकाच्या मायेनं पळती." गल्लीत उलट बोलायची कोणाची टाप नव्हती.

तर त्या पाडव्याला सकाळी माझी फटफटी बंद पडली. किका मारून पाय सुजला. चंपा सजून उभी, गल्ली जमलेली, आणि मी फेटा बांधून लोखंडाला लाथा घालतोय! तेव्हा आमच्या गोठ्याशेजारी ज्याचं शेड आहे तो उस्मान मिस्त्री आला. घरी पाहुणे जेवायला बसले होते, त्यांना तसंच सोडून आला. अर्ध्या तासात त्यानं फटफटी बोलती केली. चंपेनं त्या दिवशी पहिला नंबर काढला. मी पैसे द्यायला गेलो तर त्यानं हात मागे घेतले.

"राहू द्या की, बापू."

आता मला एक खोड आहे. कोणाचं काही माझ्यावर राहिलेलं मला चालत नाही. 'राहू द्या' म्हटलं की घास गोड लागत नाही. पंधरा दिवस मी संधी शोधत होतो.

संधी आली ती चार चाकांवर.

उस्मान सहा महिने एक गाडी बांधत होता. म्हणजे गाडी साधीच, चार दारांची, मागे डिकी असलेली. डॉक्टर-वकील घेऊन फिरतात तसली. पण घाटामाळातून लांबच्या शर्यती पळणाऱ्या गाड्या असतात ना, तिला तसलं रूप द्यायचं त्याच्या डोक्यात होतं. मी रोज दूध घालून येताना बघायचो. आणि रोज माझा गोंधळ वाढायचा.

"उस्मान, दिवे किती ह्ये?"

"सहा."

"सूर्य असतोय की दिवसा."

"रुबाबासाठी, बापू."

दुसऱ्या दिवशी बघतो तर मागची गादीच काढलेली. "माणसं कुटं बसायची?" तर म्हणे बसायचीच नाहीत. बॉनेटला चामड्याचे पट्टे बांधलेले, आम्ही म्हशीच्या पोटाला बांधतो तसे. चाकांमागे रबराच्या लोंबत्या झापडा. दारावर मोठा आकडा, सत्तावीस.

"आदीच्या सव्वीस गाड्या कुटं हायत?"

"न्हाईत."

"मग सत्तावीस का?"

उस्माननं पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "बापू, चंपेच्या शिंगाला तुमी निळा रंग का लावता?"

मी दुधाची किटली उचलली. त्याला काय कळणार शिंगाचं?

या गाडीवर त्याचं बरंच काही टांगलेलं होतं. गाडीचे नादवाले चार-पाच जण होते, काही आपल्याकडचे, काही बेळगावकडचे. ते त्या रविवारी माळावर जमून असल्या गाड्या बघणार होते. ज्याच्या गाडीत त्यांना रुबाब दिसेल त्या मिस्त्रीला त्यांच्या चार गाड्या बांधायचं काम. वर्षभराचं काम! उस्मानचं शेड भाड्याचं, गिऱ्हाईक म्हणजे पंक्चर आणि प्लग. हे काम मिळालं तर तो मिस्त्री, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्यांच्या किका मारणारा. त्यानं मला सांगितलं नव्हतं, पण दिसत होतं. खायचा नाही, बोलायचा नाही.

गाडी घेऊन तो गुरुवारी गेला. गडहिंग्लज, नेसरी, पुढे घाट, तिथले ओढे, जंगलातले रस्ते. शनिवारी संध्याकाळी आला. शेडमध्ये दुसऱ्याची जीप उभी होती म्हणून गाडी माझ्या गोठ्यापाशी लिंबाखाली लावली. "उद्या नऊला माळावर जायचंय बापू, तवर ऱ्हाऊ दे हितं," एवढं बोलला आणि घरी जाऊन पडला. तीन दिवस झोपला नव्हता.

सकाळी सहाला मी गोठ्यात आलो. आणि गाडी बघून माझा जीव तुटला.

काय ती दशा! टपापर्यंत तांबडा चिखल. आकडा दिसेना, दिवे दिसेनात, काचेला फक्त बघण्यापुरतं भोक. झापडांना गवत लटकलेलं. मी मनात म्हटलं, अरे, जनावर असं नेतात का चार लोकांत? दमला असेल बिचारा, धुवायला उठला नसेल. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हीच ती संधी!

आमची मंडळी दाराशी उभी होती. म्हणाली, "अवो, त्याला इचारा तरी."

"इचारायचं काय त्यात? घाण ती घाण."

"पन गाडी हाय ती. म्हस न्हवं."

"तू चुलीकडं बघ."

मी धोतर खोचलं. काथ्या घेतला. चाळीस बादल्या पाणी ओतलं, खोटं नाही सांगत. चाकांच्या आतला, पोटाखालचा चिखल खुरप्यानं खरवडून काढला. माती चांगली होती, लालभडक. मी काही टाकणारा माणूस नाही. एक बादली भरून मंडळीच्या मिरचीच्या वाफ्यासाठी बाजूला ठेवली.

मग पुसली. मग तेल चोळलं! चंपेला चोळतो तेच. अशी चमकली की मला माझ्या मिश्या दिसल्या तिच्यात. सहा दिव्यांना झेंडूच्या सहा माळा. पुढच्या जाळीला चंपेची कवड्यांची माळ. आरशांना मोराची पिसं. सत्तावीसवर हळदकुंकू. आणि मी फेटा बांधून शेजारी उभा राहिलो.

साडेआठला उस्मान आला. आला आणि थांबला.

"बापू… ह्ये कुनी केलं?"

"मी."

आता शाबासकी येईल म्हणून मी छाती पुढे काढली.

"चिखल कुटं हाय?"

"काढला की! सगळा. चाकाच्या आतला बी ठेवला न्हाय."

उस्मान दगडावर बसला. असा बसला की मला वाटलं त्याला भोवळ आली. मग हळू आवाजात, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. ज्यानं त्यानं आपली गाडी तीन दिवस घाटात पळवून आणायची आणि तशीच, हात न लावता, उभी करायची. एवढीच अट. ते लोक चिखलच बघणार होते. कुठला, किती, कुठपर्यंत उडाला. चिखल हाच तिचा दागिना.

"मग मला आदी सांगायचं न्हाय?"

"तुमी धुशीला ह्ये मला सपनात बी आलं न्हाय, बापू."

मी म्हटलं, गोठ्यामागे चिखल आहे, लावून देतो. तो म्हणाला, तो काळा आहे आणि त्याला शेणाचा वास येतो. मग तो उठला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच म्हटलं, "राहू द्या."

पुन्हा राहू द्या! म्हणजे एक फेडायला गेलो आणि दोन झाली.

त्यानं गाडी चालू केली. आणि देवा! तिच्याही सायलेन्सरमधली पुंगळी त्यानं निघताना काढली होती. तो आवाज फुटला आणि गोठ्यात चंपेनं मान वर केली. एका हिसक्यात दावं तोडलं. गाडी निघाली, चंपा तिच्यामागे निघाली.

"चंपे! ए चंपे!"

कोण ऐकतंय? मी फटफटी काढली, पुंगळी न लावता तीही पेटवली, मागोमाग सुटलो. बघा आता मिरवणूक! पुढे झेंडू लावलेली गाडी, मध्ये माझी म्हैस, शेवटी फेटा बांधून मी. कोपऱ्यावरचा पानवाला ओरडला, "बापू, आज उलटं कसं?" मी ऐकलं नाही असं केलं.

माळावर सात गाड्या उभ्या होत्या. सातही चिखलानं माखलेल्या. आमची तेवढी नवरीसारखी. लोक असे हसले की एकजण गवतावर आडवा झाला.

"काय मिस्त्री, वरातीची गाडी आनली काय?"

"आनि ही म्हस करवली व्हय?"

बघणाऱ्यांत एक कडक टोपीवाले साहेब होते, त्यांचा शब्द शेवटचा. ते हसले नाहीत. गाडीभोवती फिरले. दुरून बघितली, खाली बसून बघितली, दिव्यांची उंची बघितली. टपावर टकटक केलं. बाजारात म्हशीला गिऱ्हाईक बघतं तसंच की! मला वाटलं, या माणसाला कळतंय. मग त्यांनी दारावरून बोट फिरवलं आणि ते बोट वर धरलं. तेल.

"बांधनी चांगली हाय, मिस्त्री. पन ही घाटात गेलीच न्हाई."

"गेलती, साहेब."

"मग चिखल कुठं हाय?"

उस्माननं एकदा माझ्याकडे बघितलं. आणि खाली बघितलं. माझं नाव घेतलं असतं तर सुटला असता. नाही घेतलं.

आता माझं सांगतो. साठी जवळ आली होती, पण तोवर चार लोकांत 'माझं चुकलं' असं मी कधी म्हटलेलं नव्हतं. बापाला नाही, भावाला नाही, बायकोला तर नाहीच. ते शब्द तोंडात बसवायलाच वेळ लागला.

"मी धुतली," मी म्हटलं. "त्याला न इचारता. चुकलं माजं."

तर साहेब काय म्हणाले? "पावणं, दोस्तासाठी खोटं बोलायलाय. बोला. पन आमी ऐकत न्हाई."

घ्या! जन्मात एकदा चूक कबूल केली, आणि ती खोटी ठरली! माझा शब्द खोटा? डोक्यात तिडीक गेली. मी फटफटीवर बसलो, घरी गेलो. मंडळी मिरचीच्या वाफ्यात माती टाकायला वाकलीच होती. तिच्या हातातून बादली ओढली.

"अवो, ती माजी हाय!"

"संध्याकाळी देतो!"

बादली आणून साहेबांच्या पायाशी ठेवली. "ह्यो बगा तुमचा दागिना."

आणि मग मी जे बघितलं त्यानं माझा गोंधळ पुरा झाला. ती शिकलेली, इस्त्रीची माणसं बादलीभोवती उकिडवी बसली. एकानं चिमूट घेऊन चोळली. दुसऱ्यानं वास घेतला. "तांबडा हाय. हितली माती काळी." तिसऱ्यानं चिखलात अडकलेलं झापडेचं गवत घाटातलं म्हणून ओळखलं. तळातून नखाएवढा लाल खेकडा निघाला तेव्हा तर त्यांनी तो तळहातावर घेऊन सगळ्यांना फिरवला, सोन्याचा मणी फिरवावा तसा! मला वाटायचं शेण चिमटीत धरून म्हशीची तब्येत बोलणारे आम्हीच येडे.

साहेब उठले. "आवाज ऐकवा."

उस्माननं गाडी चालू केली. चंपा तोवर पलीकडे दुसऱ्या गाडीच्या झापडेचं गवत खात होती. आवाज ऐकला, मान वर केली, आणि सात गाड्या ओलांडून सरळ आली. आमच्या गाडीमागे उभी राहिली. मी हाका मारतोय, तिचं लक्ष नाही.

साहेबांनी टोपी काढली. "ह्ये काय आमच्या यादीत न्हाई," ते म्हणाले, "पन ह्याच्यावर रुबाब कसला ऱ्हायला? मिस्त्री, जानेवारीत माझी गाडी पयली घ्या."

टाळ्या पडल्या. उस्मान स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला होता. त्या गडबडीत कोणीतरी मागून विचारलं, "बापू, मालकाच्या मायेनं पळती न्हवं?"

मी फटफटी पेटवली, जमेल तेवढी रेस केली. "चंपे, चल घरी."

चंपेनं बघितलंसुद्धा नाही.

शेवटी उस्मानला गाडी हळूहळू पुढे चालवावी लागली. मागे चंपा. तिच्या मागे मी, हँडलला बादली अडकवून. पानवाला आता रस्त्यावर येऊन उभा होता. गोठ्यापर्यंत मी मान वर केली नाही.

लिंबाखाली गाडी थांबली, इंजिन तसंच चालू. मी खिडकीशी गेलो.

"उस्मान, पाडव्याचं माझ्यावर ऱ्हायलंवतं."

"फिटलं, बापू."

त्यानं गाडी बंद केली. चंपा गोठ्यात गेली.