टेपबाईंच्या काचेतलं जेड

टेपबाईंच्या शिवणाच्या दुकानात काचेमागे पुतळा नव्हता. तिथे होतं जेडचं झाड. मनगटाएवढं खोड, फुगीर पानं आणि प्रत्येक हिरव्या पानाच्या कडेला साय सांडल्यासारखा पांढरा रंग. ऊन लागलं की त्या सायीवर गुलाबी झाक यायची. येणारा-जाणारा बघायला थांबे. थांबलेला कधीतरी आत येई, आणि आत आलेला कापड टाकल्याशिवाय बाहेर पडत नसे.

टेपबाई हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं, कारण त्यांच्या गळ्यातला टेप कधी उतरलेला कुणी पाहिला नव्हता. "झोपतानासुद्धा काढत नाहीत," वहिनी सांगायची. "न जाणो, स्वप्नात कुणी माप द्यायला आलं तर?"

ही वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर दोघी एकत्र राहिल्या. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. कापणं आणि शिवणं टेपबाईंचं, तुरपाई आणि काज-बटणं वहिनीची. टेपबाईंचं मशीन आतल्या भिंतीला, तर वहिनीची बैठक काचेजवळ, सुईला उजेड मिळावा म्हणून.

टेपबाईंचा एक ठाम नियम होता. शिवलेला कपडा आधी उलटा करून बघायचा. "सुलटी बाजू काय, चोरही चांगली करतो," त्या म्हणत. आतली शिवण वाकडी दिसली की उसवलाच म्हणून समजा. वहिनीची तुरपाई मात्र त्यांनी कधी उसवली नाही. आणि छान झाली असंही कधी म्हटलं नाही.

झाडाच्या बाबतीत हा नियम कुठे गेला होता कोण जाणे. झाडामागे त्यांनी पांढरा पडदा लावला होता. त्यावर पानं उठून दिसत आणि आतला चिंध्यांचा पसारा झाकला जाई. रोज सकाळी त्या रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जात, कमरेवर हात ठेवून झाडाकडे बघत आणि समाधानाने परत येत. पडद्यामागे हात घालून पाणी द्यायचं काम वहिनीचं, तेही माती ठणठणीत कोरडी झाल्यावरच.

"महाराणींचं तोंड रस्त्याकडे, आणि आमच्या नशिबी पाठ," वहिनी म्हणायची.

"मागचं कोण बघतंय?" टेपबाई मशीनवरूनच उत्तर द्यायच्या.

त्या वर्षी टेपबाईंनी काज-बटणाचं नवं मशीन आणलं. वहिनीला सुईत दोरा ओवताना तीन-तीनदा थुंकी लावावी लागत होती, हे त्यांनी पाहिलं होतं. मशीन आणलं, कोपऱ्यात ठेवलं, आणि एवढंच बोलल्या, "आता काजं हाताने करायची नाहीत."

वहिनीने हातातली सुई उशीत खोचून ठेवली. थोड्या दिवसांनी तिच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. फोन ठेवून ती म्हणाली, "ताई बोलावतेय. कायमचीच ये म्हणते. जाईन म्हणते मी. नाहीतरी इथे आता माझं काय काम?"

टेपबाईंच्या पायाखालचं पायडल थांबलं. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द ओठांपर्यंत आले, पण मापं बोलून बोलून त्या जिभेला दुसरं काही बोलायची सवयच राहिली नव्हती. "बघ बाई, तुझं तू," त्या म्हणाल्या आणि सरळ शिवण वाकडी घातली.

त्यातच वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई ब्लाउज सैल करून घ्यायला आल्या. "आमच्या हॉलमध्ये घरात वाढवलेल्या झाडांचं प्रदर्शन आहे. तुमचं जेड हवंच. मधल्या गोल टेबलावर ठेवू, म्हणजे लोकांना चारी बाजूंनी बघता येईल."

टेपबाई हो म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला. काचेतलं झाड उजेडाकडेच झुकणार, उजेडाकडेच भरणार. मागे नुसत्या भुंड्या काटक्या असणार. शिवाय अशा दुरंगी झाडाला मधूनच नुसती हिरवी फांदी फुटते. ती जोरात वाढते आणि वेळीच खुडली नाही तर सगळ्या झाडाचा पांढरा रंग गिळते. मागे असल्या किती फांद्या माजल्या असतील देव जाणे. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांची उलटी बाजू तपासली, आणि आता सगळं गाव आपली बघणार!

"मी राहते प्रदर्शनापर्यंत, आणि मग जाते ताईकडे," वहिनीने सांगून टाकलं. झाडाची पाठ आणि वहिनीचं जाणं, टेपबाईंना दोन्ही गोष्टी एकदमच बोचल्या. कुठली जास्त, हे त्यांना माहीत होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी पडदा बाजूला केला, अर्धे डोळे मिटूनच कुंडी उचलली, कापायच्या टेबलावर ठेवली आणि दिवा लावून फिरवली.

मग पुन्हा फिरवली. पाठ कुठली तेच कळेना. सगळीकडून सारखी पानं, सारखी साय. विश्वास बसेना म्हणून त्यांनी टेप काढला आणि खोडापासून चारी बाजूंनी माप घेतलं. कसोशीने केलेल्या घेरासारखं झाड! खोडाजवळ वाकून पाहिलं, तर जुन्या कापांच्या बारीक, तिरक्या खुणा. असा काप एकाच कात्रीचा, वहिनीच्या काज कापायच्या इवल्याशा कात्रीचा. प्रत्येक हिरवी फांदी फुटल्या फुटल्या छाटलेली होती.

"वहिनी!"

"ओरडताय काय? भुंडं निघालं का?" वहिनी आतून टॉवेलला हात पुशीत आली.

"हे तू केलंस?"

"तुम्ही दुपारी घोरायला लागलात की फिरवायचे. तुम्ही उठायच्या आत पुन्हा होतं तसं. दुपारचं ऊन आमच्या बाजूच्या पानांना." तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "मी काय जन्मभर महाराणींची पाठच बघायची, वन्सं?"

टेपबाईंनी टेप गुंडाळला.

"ते मशीन तुझे डोळे जपायला आणलं होतं," त्या झाडाकडे बघत म्हणाल्या. "तुला काढायला नाही."

"मग तसं म्हणायचं की! टेप गळ्यात होता, तोंडात नव्हता ना?"

"आता म्हणतेय ना. जाऊ नकोस."

वहिनीने कुंडीला हात घातला. "उचला त्या बाजूने," एवढंच म्हणाली, आणि दोघी कुंडी घेऊन निघाल्या.

बक्षीस एका भल्यामोठ्या नेच्याच्या कुंडीला मिळालं. परीक्षकांची नजर साफ गेलीय, यावर दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. झाडाजवळच्या चिठ्ठीवर मालकाच्या नावाच्या जागी मात्र 'नणंद-भावजय' असं लिहिलेलं होतं. अक्षर टेपबाईंचं, खडूने कापडावर काढावं तसं.

संध्याकाळी कुंडी पुन्हा काचेत गेली. पडदा टेपबाईंनी काढून धुवायला टाकला, तो पुन्हा लावलाच नाही. मागच्या खोलीतून वहिनीचा फोनवरचा आवाज येत होता, म्हणून त्यांनी मशीन थांबवलं.

"नाही गं ताई, मला नाही जमायचं. अगं, घरात झाड आहे ना! आणि इथलं माणूस दुपारचं झोपतं."

टेपबाईंनी पायडलवर पाय ठेवला आणि मशीन जोरात सुरू केलं.