कन्येच्या हातातला विस्तव: पेणहून रोह्याला

निघण्याचं खरं कारण आधीच सांगून टाकते. माझी मुलगी केतकी रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करते आणि खोली घेऊन एकटी राहते. दिवाळीनंतर शेजारच्या कंपनीत आग लागली. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी तिला रोज दोनदा फोन करायला लागले. जानेवारीतल्या एका शनिवारी मी ठाण्याहून निघाले ते तिला ‘पुरे झालं, घरी चल’ म्हणायला. वाढदिवसाची भेट द्यायचीय, हे वरवरचं निमित्त.

ही भेट पेणच्या एका गणपती कारखान्यात सांगून ठेवली होती. केतकीची रास कन्या. पेपरातल्या भविष्यात कन्या म्हणजे नुसती एक गोड मुलगी असते. जुन्या वर्णनात मात्र ती नावेत बसलेली असते, एका हातात धान्याची लोंबी, दुसऱ्या हातात अग्नी. ही कन्या मला शाडूत हवी होती, भिंतीवर लावण्याजोगी, वीतभर. फोनवर मी बजावलं होतं, “अग्नी तेवढा गाळा.” पोरगी केमिकलमध्ये, आणि वर भिंतीवरही आग कशाला?

ठाण्याहून पेणला एसटीने जा. महामार्गाचं काम कुठे ना कुठे चालूच असतं, तेव्हा दोन तास धरा आणि पुढच्या सीटवर बसा, म्हणजे हाडं शाबूत राहतील. स्टँडजवळ मिसळ खाल्ली, पोह्याचे पापड घेतले (पाकिटं पिशवीत सगळ्यात वर ठेवा, मी तळाशी ठेवली आणि चुरा घरी आणला) आणि रिक्षाने कारखान्यात पोचले.

आत माघी गणपतींची घाई होती. ज्यांच्याशी फोनवर बोलले होते त्या सुमनताई मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होत्या. माती मळणं, साच्यातून मूर्ती काढणं घरातल्या पुरुषांकडे, डोळे मात्र यांच्याकडे. एक डोळा पूर्ण होईपर्यंत कारखान्यात कुणी बोलत नाही. मीही दारातच थांबले. मग त्यांनी हात पुसले आणि कापडात गुंडाळलेली माझी कन्या समोर ठेवली. नाव सुरेख, लोंबी सुरेख. आणि डाव्या तळहातावर चांगली लालबुंद ज्वाळा!

“ताई, अग्नी नको म्हटलं होतं ना मी?” माझा आवाज चढलाच.

“व्हय, म्हटलं होतं तुमी. पयली तशीच केली. पन माजं मनच लागंना. पोरीच्या हातात भात दिला नि चूल पेटवायला इस्तू नाय. मंग ती काय कच्चा भात चावल?”

“पण नावेत एकटीच आहे हो ती.”

“एकटी हाय तर हाय. उपाशी नाय, अंधारात नाय. मंग तू रडतंस कशाला गो?”

तोवर मला माझे डोळे भरल्याचं कळलंच नव्हतं. ज्वाळा खरवडून काढून देते म्हणाल्या. मी नको म्हटलं. खरं सांगायचं तर लाजेखातर म्हटलं.

पेणहून रोह्याला रेल्वेने गेले. गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी बघून ठेवा. तिकीट वडापावापेक्षा स्वस्त. कासू स्टेशनच्या आसपास खिडकीची जागा सोडू नका. भात कापून झालेल्या खाचरांत वाल हिरवागार उभा होता. ग्रीकांची कन्या मला तिथे आठवली. त्यांच्या एका कथेत ती धान्यदेवीची मुलगी. पाताळाचा राजा तिला पळवतो, आई वेड्यासारखी शोधत फिरते, शेतं सुकतात, आणि शेवटी तडजोड होते: काही महिने मुलगी आईकडे, काही पाताळात. आकाशातला चित्रेचा तारा म्हणजे या मुलीच्या हातातली लोंबी. शोधत फिरणारी ती आई मला नेहमीच जवळची वाटत आली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की अख्ख्या कथेत मुलीला कुणी काही विचारतच नाही.

रोह्याला केतकी स्टेशनवर आली होती. रिक्षातच विषय काढायचा असं ठरवलं होतं, पण ती म्हणाली, “आधी चल, पोपटी लावायचीय.” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, ओवा, मीठ, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. हिवाळ्यात इकडे आलात तर कुणाच्या तरी शेतात आमंत्रण मिळवाच, हॉटेलात ती मजा नाही.

घरमालकिणीच्या परसात केतकीने आधी वारा बघितला. दोरीवरचे कपडे काढायला लावले, पेंढ्याची रास लांब सरकवली, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या आणि मगच काडी ओढली. हे सगळं सहज, मध्येच माझ्याशी गप्पा मारत. जाळ कमरेएवढा उठला तेव्हा मी दोन पावलं मागे गेले. ती जागची हलली नाही.

घरमालकीण म्हणाली, “तुमची पोर आल्यापास्नं आमच्या आळीत गॅस चालू ठेवून कोन भायेर जात नाय. वरडते ना ती!”

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की काय सांगू. दिवाळीनंतरच्या त्या आगीपासून मी तिला मनात आगीत उभी बघत होते. आगीचं काय करायचं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शेंगा सोलताना तिने भेट उघडली. “अय्या, विस्तवसुद्धा आहे!” मग माझ्याकडे नीट बघितलं. “आई, तू मला न्यायला आलीयस ना?”

“आले होते.”

“मग?”

“वाल मस्त शिजलेत,” मी म्हटलं. ती हसली आणि आणखी मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात टाकल्या.

रविवारी सकाळी कुंडलिका नदीच्या काठावर फिरलो, दुपारी ती शिफ्टला गेली आणि मी गाडीत बसले. सगळा खर्च हजाराच्या आत, शाडूची कन्या सोडून.

घरी आल्यावर नवऱ्याने चहा पुढे केला आणि विचारलं, “मग? कधी येतेय परत?”

“होळीला.”

“कायमची म्हणतोय मी.”

“कायमची नाही यायची ती. तिचं घर रोह्याला आहे.”

लेकीचं घर दुसरीकडे आहे, हे आमच्याकडे लग्नाच्याच दिवशी म्हणतात, तेही डोळे पुसत. केतकीचं लग्न झालेलं नाही, आणि मी तर हसत होते.