मेला म्हणून सांगितलेला लॅपटॉप

बायकोला मी बहुतेक सगळं सांगतो. बॉसच्या बायकोला त्याची आई समजून वाकून नमस्कार केला होता, तेसुद्धा. स्वतःच्या फजित्या सांगून चार लोकांना हसवणं हा माझा जुना धंदा आहे. पण ही गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. कुणालाच नाही. या गोष्टीत हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण शेवटी कुणी हसणार नाही. असला किस्सा घेऊन माझ्यासारख्यानं करायचं काय?

तुम्हाला सांगतो. तुम्ही काही आमच्या जयपूरच्या मराठी मंडळात नाही.

मी सीतापुऱ्यात एका कंपनीत आहे. आयटीत. म्हणजे काय करतो? काम कधी होईल, हे लोकांना विचारतो, आणि ते सांगतील ती तारीख वरच्यांना कळवतो. एवढ्यावर घर चाललंय. लॅपटॉपच्या पोटात काय असतं, हे मला मांजराच्या पोटात काय असतं तितपतच ठाऊक. पण परमुलखातली मराठी माणसं आयटीवाल्याला वैद्य समजतात. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा फोन तापला, की बोलवा त्याला. मी जायचो. पोहे खायचो, यंत्र बंद करून चालू करायचो. निम्म्या वेळा चालायचं. उरलेल्या वेळा मी मान हलवायचो — आणि मान हलवण्यानं तर इभ्रत आणखीच वाढते, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

वानखडे काका दुर्गापुऱ्याला राहतात. मूळचे अकोल्याकडचे, जन्म बाजरीच्या संशोधनात गेलेला. गणपतीत मंडळाच्या मुलांचं नाटक दरवर्षी तेच लिहायचे, तेच बसवायचे. नाटकं — काय सांगू — भयाण असायची. पाण्याचं महत्त्व. वडीलधाऱ्यांचं महत्त्व. एकदा तर चक्क बाजरीचं महत्त्व. इथं वाढलेली आमची मुलं मराठीत अडखळायची, आणि काका विंगेतून वाक्य इतक्या मोठ्यानं सांगायचे की प्रेक्षकांना सगळं नाटक दोनदा ऐकावं लागे. मोठ्यांनाही भूमिका असत. मी एकदा झाड होतो, एकदा हवालदार, एकदा दुसरा गावकरी. बोलणं कशातच नाही. "तुहा चेहराच बोलते बाप्पा," काका म्हणायचे, "तुले वाक्य कायले पाह्यजे?"

मला ती नाटकं आवडत नव्हती, हे एव्हाना कळलंच असेल. पण ते कारण म्हणून मांडत नाही. नुसतं सांगतोय.

त्या वर्षी गणपतीच्या आधी काकांचा लॅपटॉप बंद पडला. नवं नाटक त्यातच होतं, एका बोटानं उन्हाळाभर टाइप केलेलं. मला बोलावणं आलं. गेलो तर अख्खी कमिटी दिवाणखान्यात, रुग्णाभोवती बसावी तशी. मी बटण दाबलं. बारीक दिवा लागला, आत पंखा घुरघुरला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं. काळाच. मग मी काय करावं? लॅपटॉप कानाला लावला. खरंच लावला. डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणालो, "मदरबोर्ड गेला."

शब्द भारदस्त होता, म्हणून आठवला. बाकी काही नाही.

"अन् आतलं?" काका म्हणाले.

"आतलंही गेलं."

'मला माहीत नाही' ही तीन अक्षरी — तीन शब्दी — गोष्ट तोंडातून निघाली असती तर काय बिघडलं असतं? पण पोह्यांची बशी हातात होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तरी प्रयत्न करतो म्हणून लॅपटॉप घरी आणला.

इथपर्यंत नुसता गाढवपणा आहे. गाढवपणाची मला सवय आहे. कबूल करायचं आहे ते पुढचं.

घरी फोनवर शोधलं. कुणीतरी सांगितलं होतं, की आधी काळ्या पडद्यावर टॉर्च मारून बघा. मारला. आणि काळ्याच्या आत — पाण्याच्या तळाशी दिसावं तसं — बाजरीचं शेत दिसलं. त्यावर फाइल. 'नाटक खरोखर अंतिम.' लॅपटॉप ठणठणीत होता. पडद्यामागचा दिवा तेवढा गेला होता. टीव्हीला जोडला असता तर सगळं लख्ख दिसलं असतं. केबल ड्रॉवरमध्येच होती.

मी नाटक टॉर्चच्या उजेडात वाचलं. पूर्ण. विषय शेजारधर्माचं महत्त्व. नेहमीइतकंच वाईट. माझी भूमिका: शेजारी, मयत. पुढं कंसात, 'हालायचं नाही.' मी मोठ्यानं हसलो.

मुख्य भूमिका रेवाला होती. माझ्या मुलीला. तेव्हा ती पाचवीत होती, आणि तोवर तिच्या वाट्याला फक्त कोरस आला होता. काकांनी तिचे अवघड शब्द तोडून लिहिले होते, तिच्या जिभेला झेपतील असे. आणि तिच्या सगळ्यात लांब वाक्यापाशी स्वतःसाठी लिहिलं होतं: 'इथं रेवा अडली तर मी बोलायचं नाही. तिचं तिला सापडू द्यायचं.'

हे वाचून झालं होतं. लक्षात घ्या — वाचून झालं होतं — आणि मग काकांचा फोन आला.

"काय रे, धुगधुगी आहे का काही?"

मांडीवर लॅपटॉप चालू होता. पंख्याचा आवाज त्यांना जाईल म्हणून मी तो गादीवर ठेवला, उठलो आणि बाल्कनीत गेलो. बाहेर दमट उकाडा होता. म्हणालो, "नाही काका. गेला तो. चौमूंला एक माणूस आहे, थेट त्याच्याकडे नेऊन आलो. त्यानंही हात टेकले."

चौमूं का? जयपूरबाहेरचं गाव, तिकडे खात्री करायला कुणी जाणार नाही, म्हणून. असा माणूस नव्हताच. पुढं मंडळात दोघातिघांनी त्याचा नंबर मागितला. मी सांगितलं, तो गाव सोडून गेला.

काकांनी नाटक पुन्हा लिहिलं नाही. बोटात आता तेवढं नाही म्हणाले. त्या गणपतीत हिंदी गाण्यांची अंताक्षरी झाली, सगळे खूश. काका पहिल्या रांगेत बसून ताल चुकवत टाळ्या वाजवत होते. नाटक पुन्हा कधी झालंच नाही. घरी येताना रेवानं एकदाच विचारलं, "मतलब आता नाटक नाही होणार, बाबा?" मी म्हणालो, काकांचा लॅपटॉप मेला ना बेटा.

ती आता कॉलेजात आहे. गेल्या हिवाळ्यात साताऱ्याला लग्नात आत्यानं तिला काही विचारलं. ती उत्तराच्या मधेच एका शब्दापाशी अडली. शोधत होती — दिसत होतं, की सापडेल. मी तिचं वाक्य मोठ्यानं पूर्ण केलं, वर तिची नक्कलही केली. मांडव हसला. तेव्हापासून ती माझ्याशी हिंदीतच बोलते. फार आदरानं बोलते. पापाजी म्हणते.

काका भेटतात. भेटले की शेजारच्याला सांगतात, "यानं लय धावपळ केली गा माह्या डब्ब्यासाठी. पार चौमूंपर्यंत गेलता." मी हात जोडतो.

लॅपटॉप भंगारात देतो म्हणून सांगितलं होतं. दिला नाही. दिवाणाच्या खणात आहे, जुन्या रजयांखाली. परवा घरात कुणी नसताना काढला, चार्जर लावला. घुरघुरला. टॉर्च मारला. शेत दिसलं, फाइल दिसली. माझी भूमिका शोधून पुन्हा वाचली: 'हालायचं नाही.'

मग तो बंद केला आणि रजयांखाली परत ठेवला.