हौद्याखालचे आबा

सचिन गावाच्या रस्त्यावर पत्राकाम करणारा एक खानदेशी मिस्त्री आहे. गिऱ्हाइकांना तो अरे-तुरे करतो. मान देतो फक्त गंजलेल्या बोल्टांना. परवा माझ्या पिकअपचा गंज काढायला मागचा माल भरायचा हौदा उतरवायचा होता. पाच बोल्ट सुटले, सहावा हलेना.

"कटर लाव की," मी म्हणालो.

"घाई काय रे भो? म्हातारं माणूस आहे ते." त्याने बोल्टावर तेल सोडलं, हातोडीने हलकेच ठोकलं आणि वाकून म्हणाला, "आबा, सोडा आता. खूप वर्षं धरून ठेवलं तुम्ही." मग तो निवांत चहा पिऊन आला. आबा सुटले.

चौघांनी हौदा खाली घेतला. तळाची चाळण झाली होती. साड्यांच्या गठ्ठ्यांना डाग लागू नयेत म्हणून बायकोने शिवलेली गोधडी मी आत कायमची अंथरली होती. सकाळी काढून ठेवलेली ती गोधडी मिस्त्रीने एका हाताने उचलून धरली. मुरलेल्या पावसाच्या पाण्याची धार लागली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज एकदम मऊ झाला. "आबा, गाडीला थंडी वाजत होती का?"

इतका मान मला त्याच्याकडून पहिल्यांदाच मिळाला. त्याच्या दुसऱ्या हातात हातोडी होती, म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो.