शेवटची भर

९ ऑक्टोबर, गुरुवार. पाऊस नाही. भरतीचं पाणी सव्वासातला स्वयंपाकघरात आलं, नऊला ओसरलं. गवंडी साडेदहाला आला. काम घेतलं नाही.

दुपारी काकूंनी वहीत एवढंच लिहिलं. पण गवंड्यानं काम नाकारल्याचं त्या गल्लीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. समुद्र चढत गेला तसा त्याचा धंदाही चढला. घरात पाणी शिरलं की लोक त्याला बोलवायचे. तो फरशी उखडायचा, दगडमातीची भर टाकायचा, पुन्हा फरशी बसवायचा. घरातली जमीन जवळजवळ फूटभर वर यायची, छप्पर तिथंच. मग पाणी शेजारच्याकडे वळायचं, आणि शेजारी गवंड्याच्या दारात उभा. प्रत्येकाला तो छातीवर हात ठेवून सांगे, "ही शेवटची भर." खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटायचं. म्हणून तर छप्पर उचलायचं कुणी मनावर घेतलं नाही.

काकूंकडे तो चौथ्या भरीसाठी आला होता. वाकून आत शिरला, तरी कपाळ चौकटीवर आपटलंच.

"काकू, तुमच्या घरात माणूस आपोआप नम्र होतो."

"तू कधी झालास? चहा घे आणि टेप काढ."

फरशीपासून तुळईपर्यंत पाच फूट चार इंच भरले. चौकटीवर काकूंच्या मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पहिल्या वाढदिवसाची खूण गवंड्यानंच मागच्या खेपेला भरीखाली गाडली होती. दुसरीला आता फरशी टेकली होती. टेप तिथंच धरून तो बसून राहिला.

"आणखी भर टाकली तर सरळ उभं राहता येणार नाही."

"वाकून राहीन. या वयात ताठ राहून कुणाला दाखवायचंय?"

"आणि पुढच्या वर्षी?"

"शेवटची म्हणाला होतास ना तू?"

"तीनदा म्हणालो, काकू." त्यानं टेप गुंडाळली. "माझ्या घरात पाच भरी टाकल्या. आता तिथं कोंबड्या राहतात, आणि आम्ही टेकडीवर मेहुण्याच्या खोलीत. मुलाला फोन करा. मी आता कुणाचीच भर टाकणार नाही."

चहा तसाच राहिला. बाहेर त्यानं भर टाकलेली घरं, दारं बुटकी झाल्यामुळं, गुडघे टेकून बसल्यासारखी दिसत होती. त्यांच्याकडे न बघता तो गेला.

संध्याकाळी काकूंनी वहीत त्याच नोंदीखाली आणखी एक ओळ घातली: डाळीचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. स्टूल लागत नाही.